जंजिऱ्याचा हिणकस रुपया

कल्याणकरांचा जंजिऱ्याशी हिशोब 1657 सालापासून बाकी आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, पुढे खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि काठाला लढाऊ गलबतं बांधायला सुरुवात झाली. कुणासाठी? तर मुरुडच्या समुद्रात एका खडकावर बसून अख्ख्या कोकणपट्टीला सळो की पळो करणाऱ्या सिद्दीसाठी. म्हणजे मराठी आरमाराचा नारळ फुटला आमच्या कल्याणात, आणि तोही जंजिऱ्याचं नाव घेऊन. गलबतांच्या कामावर रुई लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं होती. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने कान भरल्यावर ही मंडळी काम अर्धवट टाकून पसार झाली. कल्याणात काम अर्धवट टाकून कंत्राटदार पसार झाल्याची ही पहिली लेखी नोंद असावी. फरक इतकाच, की त्या वेळी काम तरीही पूर्ण झालं.

जंजिरा मात्र हाती लागला नाही. लाय पाटील नावाच्या शूर कोळ्याने ऐन रात्री तटाला शिड्या लावून दिल्या, पण पेशवे मोरोपंतांची माणसं वेळेत पोहोचली नाहीत, उजाडायला आलं, शिड्या काढाव्या लागल्या. महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान दिला. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय कामाची, म्हणून मग ‘पालखी’ नावाचं गलबतच दिलं. संभाजीराजांनी समुद्रात दगड टाकून वाट करायचा प्रयत्न केला. चिमाजी आप्पांनी 1736 साली सिद्दी साताला लढाईत मारलं, पण किल्ला जागच्या जागी. शेवटी 1948 साली सिद्दी नवाबाच्या सहीने संस्थान भारतात आलं. जे शिड्यांना, दगडांना आणि तोफांना दाद देत नव्हतं, ते कागदपत्रांपुढे नमलं. ज्याने कधी सातबाऱ्यावरचं नाव बदलून घेतलं असेल, त्याला याचं नवल वाटणार नाही.

त्या हिशोबातला माझ्या वाट्याचा भाग मी वसूल करायला घेतला आहे. मी जंजिऱ्याची नाणी जमवतो. सगळी मिळून एका कंपासपेटीत मावतात आणि तरी आत कोनमापकाला जागा उरते, पण सुरुवात कुठूनतरी करावी लागते.

लोकांना वाटतं नाणी जमवणं म्हणजे सोन्याच्या मोहरा, मखमलीचा डबा आणि भिंग लावून बसलेले वृद्ध पारशी गृहस्थ. माझा अनुभव असा की भिंगाने फार फायदा होत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आपल्याकडची बरीचशी नाणी हातोड्याने ठोकलेली. चांदीची गोळी वजन करून घ्यायची, ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण हाणायचा. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे ठशावर बादशहाचं नाव, पदवी, हिजरी साल, टाकसाळीचं नाव असं सगळं साग्रसंगीत कोरलेलं असलं, तरी नाण्यावर त्यातलं जे सापडेल ते सापडेल. एकावर ‘शाह’चा अर्धा भाग, दुसऱ्यावर सालातला एक आकडा, तिसऱ्यावर नुसते ठिपके. एक नाव पुरतं वाचायला चार नाणी विकत घ्यावी लागतात. नाणी विकणाऱ्यांना ही पद्धत मनापासून आवडते.

त्यात नाणं पाडणारा एक आणि नाणं ज्याच्या नावाने तो भलताच. दिल्लीचा शाह आलम 1806 साली वारला. त्यानंतरही देशभरच्या टाकसाळी त्याच्या नावाने रुपये पाडत राहिल्या, अगदी कंपनी सरकारसुद्धा. माणूस जाऊन तीन दशकं झाली तरी लाइटबिल त्याच्याच नावाने येतं, ही पद्धत आपल्याकडे बरीच जुनी आहे. तेव्हा जंजिऱ्याचं नाणं जंजिऱ्याचंच कशावरून, असा प्रश्न येतो, आणि याचं उत्तर माझ्या ओळखीचा नाणेविक्रेता एकाच अक्षराने देतो.

“सर, ये देखो, जऽ!”

हा विक्रेता मुंबईच्या प्रदर्शनांत टेबल मांडतो. त्याच्याकडे प्रत्येक नाणं ‘व्हेरी फाइन’ असतं. ज्यावर काहीच दिसत नाही ते ‘व्हेरी फाइन फॉर द टाइप’ असतं. त्याच्या मते जंजिऱ्याच्या रुपयावर नागरी ‘ज’ असतो आणि तो दिसला की विषय संपला. मी वाकून बघितलं. मला एक उभी रेघ, एक वाकडी रेघ आणि एक खरचटलेली जागा दिसली. नाणं उलटं धरलं तेव्हाही एक उभी रेघ, एक वाकडी रेघ आणि एक खरचटलेली जागाच दिसली. घरी आणल्यावर मुलीने त्यात ‘न’ वाचला, सासरेबुवांनी ‘त’ वाचला, आणि शेजारच्या काकांनी चष्मा पुसून, बराच वेळ घेऊन, यात गणपती दिसतो असं सांगितलं. काकांना भोपळ्यातही गणपती दिसतो, त्यामुळे तो पुरावा मी धरला नाही. मी ‘ज’ धरला. पैसे दिल्यावर अक्षर बरंच स्पष्ट दिसायला लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जंजिऱ्याची टाकसाळ 1834 साली इंग्रजांनी बंद केली. कारण काय दिलं? तर इथली नाणी हिणकस आहेत. चांदीत भेसळ. एवढ्या दिमाखात अजिंक्य राहिलेलं राज्य, आणि त्याची टाकसाळ बंद पडली ती दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यासारखी. पण यात एक गंमत आहे. पुढच्याच वर्षी, 1835 साली, कंपनीने कायदा करून आपला स्वतःचा रुपया सगळीकडे लागू केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. बाजारात आपला माल आणायच्या आदल्या वर्षी दुसऱ्याचा माल हिणकस निघावा, हा योगायोग इतका सुबक आहे की त्याबद्दल बोलायला नको. शंभर वर्षं तो रुपया बाराला अकरा चालला. मग दुसरं महायुद्ध आलं, चांदी महागली आणि 1940 साली त्याच इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. 1947 साली तर रुपया निकेलचाच झाला. नवाबाने यातलं दशांश केलं असेल. पण नवाबाला विचारणारं वरती कुणीतरी होतं, आणि इंग्रजांना विचारायला नवाबाची टाकसाळ उरली नव्हती.

माझ्या छंदाचं सगळं अर्थशास्त्र या हिणकसपणावर उभं आहे. नाणं चांगलं असतं तर टाकसाळ चालू राहिली असती. चालू राहिली असती तर नाणी भरपूर झाली असती. भरपूर झाली असती तर आज कुणी विचारलं नसतं. राणीछाप रुपये घरोघरी निघतात. आमच्या मावशीने त्यांची पुतळ्यांसारखी माळ करून गळ्यात घातली आहे. चांगलं नाणं, खणखणीत, आणि सराफाकडे त्याला चांदीचा भाव. नवाबाचा वाईट रुपया मात्र मला एका बऱ्यापैकी मिक्सरच्या किमतीला पडला. हा हिशोब मी घरी ‘बऱ्यापैकी मिक्सर’ असाच सांगितला आणि तो सांगायला नको होता, कारण घरातला मिक्सर त्याच आठवड्यात बंद पडला.

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. हवाई बेटांवर स्वतंत्र राज्य होतं, तेव्हा तिसऱ्या कामेहामेहा राजाने 1847 साली अमेरिकेतून तांब्याचे एक लाख सेंट पाडून आणवले. नाणी आली आणि बघतात तो राजाचा चेहरा राजासारखा नाही, आणि नाण्याच्या किमतीच्या शब्दांतच स्पेलिंगची चूक. लोकांनी ती फारशी घेतलीच नाहीत. आज जगभरचे संग्राहक त्या फसलेल्या सेंटसाठी तडफडतात. पुढे 1883 साली राजा कालाकाउआने चांदीची सुंदर नाणी काढली. दहा वर्षांत राज्यच बुडालं, अमेरिकेने नाणी परत घेऊन वितळवली, आणि वितळताना जी चुकली ती आता महाग. इंग्लंडजवळच्या लंडी बेटाची गोष्ट तर आणखी पुढची. ते बेट मार्टिन हार्मन नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं आणि 1929 साली एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पफिन पक्षी अशी नाणी पाडली. कोर्टाने त्यांना 5 पौंड दंड केला. बेट विकत घेता येतं, राजा म्हणवून घेता येतं, पण सुटे पैसे स्वतः पाडायचे नाहीत, हा कायदा सगळीकडे सारखाच कडक आहे.

एकूण जगात दोन प्रकारची नाणी असतात: जी लोक घेत नाहीत ती, आणि जी लोक पूर्वी घेत नव्हते ती. दुसऱ्या प्रकाराला संग्रह म्हणतात. पहिला प्रकार बघायचा तर कल्याण स्टेशनच्या बाहेर रिक्षात बसावं आणि उतरताना दहाचं नाणं पुढे करावं.

“नाय चालत.”

“का नाय चालत?”

“सगळेच नाय घेत, साहेब.”

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर सांगितलं की दहाची नाणी 14 वेगवेगळ्या नक्ष्यांची आहेत आणि चौदाही कायदेशीर आहेत. मी एका रिक्षावाल्याला हे शांतपणे समजावून सांगितलं. त्यानेही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग बँकेलाच द्या.” भारत सरकारची हमी असलेलं, कोरं, चकचकीत, दोन धातूंचं नाणं लाल चौकीपर्यंत चालत नाही. खिशातल्या पाकिटात मात्र एका बुडालेल्या संस्थानाचं, गैरव्यवहारामुळे बंद पाडलेलं नाणं मी जपून घेऊन चाललो होतो, कारण ते एका माणसाला दाखवायचं होतं. रिक्षावाल्याला दाखवायचा मोह झाला. तो कदाचित सुटे म्हणून घेऊनही टाकायचा.

सोसायटीत माझी ‘जुन्या पैशावाले’ अशी ओळख झाल्यापासून घरी येणारी मंडळी वाढली आहेत. येणाऱ्या प्रत्येकाच्या मुठीत वैष्णोदेवीचं नाणं असतं. 2012 साली श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरकारने पाचाची आणि दहाची नाणी काढली. ती देशभर वाटली गेली, आणि ती लाखो रुपयांना जातात अशी बातमी त्याहून जास्त वाटली गेली. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट हे असंच दुसरं प्रकरण. मी सांगतो, पाचाचं नाणं पाच रुपयांना जाईल. लोक माझ्याकडे संशयाने बघतात. आपल्याकडून स्वस्तात घेऊन हा लाखाला विकणार, असा तो संशय. तुमच्या जुन्या नाण्याला कोट्यवधी देतो, फक्त आधी कर आणि कमिशन भरा, असा फोन आला तर फसू नका, असं रिझर्व्ह बँकेला 2021 साली पत्रक काढून सांगावं लागलं. त्या पत्रकावरही लोकांचा विश्वास बसला नाही, कारण त्यात कुणाला किती लाख मिळाले हे दिलेलं नव्हतं.

दुसरी ठरलेली वस्तू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं, साल 1818, एका बाजूला हनुमान. कधी साल 1616 असतं, कधी 1717, कधी रामदरबार असतो. कंपनीने असलं काही कधी पाडलेलं नाही. ही देवस्थानांबाहेर विकायची टोकनं आहेत. हे सांगितलं की समोरचा माणूस म्हणतो, “आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे.” असेल. आजोबाही जत्रेला जात असतील. सोन्याच्या शिवराई होनाच्या मुलामा दिलेल्या प्रती तर इतक्या विकल्या जातात, की 1674 च्या राज्याभिषेकाला जितके होन पाडले असतील त्याहून जास्त आज एकट्या ठाणे जिल्ह्यात शोकेसमध्ये असावेत.

खरी नाणी घरात असतात, पण त्यांचा शत्रूही घरातच असतो. आमच्या देवघरात आजीची एक तांब्याची शिवराई होती, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ लिहिलेली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी तिला चिंच आणि मीठ लावून घासायचा रिवाज. पंचवीस-तीस दिवाळ्यांनंतर ‘श्री’ गेली, मग ‘राजा’ गेला. आता एका बाजूला गुळगुळीत तांबं आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘पति’. संग्राहकांच्या भाषेत जुन्या नाण्यावर चढलेला काळपट थर म्हणजे त्याची इभ्रत. तो काढला की किंमत गेली. हे मी घरी सांगितलं. उत्तर मिळालं, “मग दिवाळीला देव काळे ठेवायचे?” या प्रश्नाला नाणकशास्त्रात उत्तर नाही. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 पासून नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिथल्या विद्वानांनाही आपल्या घरच्या देवघरापुरतं काही बोलता येत असेल असं वाटत नाही.

जंजिरा एकदा डोळ्यांनी बघायला हवा म्हणून आम्ही सहकुटुंब गेलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं. किल्ला समोर दिसतो पण दरवाजा काही केल्या दिसत नाही. अगदी तटाखाली गेल्यावर तो एकदम उघडतो. दारावर एक शिल्प आहे. वाघासारख्या एका जनावराने चार पंजांत चार हत्ती, तोंडात एक आणि शेपटीत एक असे सहा हत्ती धरले आहेत. गाइड म्हणाला, हे सिद्दीच्या ताकदीचं प्रतीक. बाकीचे पर्यटक चकित झाले. सकाळी गर्दीच्या गाडीला डबा, छत्री, लॅपटॉप, मोबाइल, वरची कडी आणि शेजाऱ्याचं पोरगं एकदम धरून जाणारे आम्ही कल्याणकर मात्र शांत होतो.

गाइड आकड्यांचा पक्का होता. किल्ल्याला बुरूज 22, बांधायला वर्षं 22, क्षेत्रफळ 22 एकर. पुस्तकं सहसा 19 बुरूज सांगतात, पण पुस्तकं होडीत बसून पैसे मोजत नाहीत. त्याला मी विचारलं, टाकसाळ कुठे होती? त्याने क्षणभरही न थांबता एका पडक्या भिंतीकडे बोट दाखवलं. पाच मिनिटांनी दुसरा गाइड दुसऱ्या घोळक्याला त्याच भिंतीजवळ सांगत होता, “इथे राणीचा शीशमहाल होता.” दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. अशा सलोख्यावरच संस्थानं टिकतात.

परत येताना मुलगी जमीन बघत चालत होती. एखादं नाणं सापडलं तर? तिला सांगावं लागलं, की 1878 सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! तिने विचारलं, “आणि दुर्गाडीला महाराजांना धन सापडलं होतं ना, ते?” पाया खणताना धन सापडलं आणि दुर्गेची कृपा म्हणून नाव दुर्गाडी, अशी आख्यायिका आम्ही कल्याणकर पोरांना दुधाबरोबर पाजतो. मी म्हटलं, तेव्हा हा कायदा नव्हता. ती म्हणाली, “बरं झालं. नाहीतर आरमार कलेक्टर ऑफिसात अडकलं असतं.”

रोजच्या लोकलमधल्या मित्रांनी माझं नाव ‘नवाब’ ठेवलं आहे. मी डब्यात शिरलो की कुणीतरी ओरडतं, “नवाबसाहेब आले, जागा द्या!” जागा आजतागायत कुणी दिलेली नाही. यातल्याच एका डोंबिवलीकराने मला हळूच विचारलं, “ते ‘ज’वालं खरं कशावरून?” डोंबिवलीकर कल्याणकराला आनंदात बघू शकत नाही, हे मान्य आहे. पण प्रश्न डोक्यात घर करून राहिला आणि शनिवारी मी नाणं घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेलो. पूर्वी कसोटीचा दगड असायचा. आता काचेच्या पेटीत नाणं ठेवतात आणि पडद्यावर आकडे येतात.

सराफाने आकडे बघितले आणि त्याचा चेहरा उजळला.

“अहो, अभिनंदन! उत्तम चांदी आहे. साडेएक्क्याण्णवच्या वर.”

माझ्या पोटात गोळा आला. “नीट बघा. थोडी भेसळ असेल.”

“अजिबात नाही.”

“तांबं? जस्त? काहीतरी निघेलच.”

“राणीछापाची चांदी असते ना, बाराला अकरा, तशी आहे बघा. म्हणजे तंतोतंत तशी.” त्याने नाणं तराजूवर टाकलं. “वजनही तेच. एक तोळा.” मग त्याने माझ्याकडे काळजीने बघितलं. इतक्या चांगल्या बातमीवर गिऱ्हाइकाला घाम फुटलेला त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. “पाणी देऊ का?”

म्हणजे एक तर नवाबावर इंग्रजांनी धडधडीत खोटा आळ घेतला होता, आणि कोकणच्या इतिहासाचं एक प्रकरण मला नव्याने लिहायला लागणार होतं. नाहीतर कुणा कारागिराने एक चांगला, खरा, चालणारा राणीछाप रुपया वितळवला होता, त्यावर ‘ज’ ठोकला होता आणि नवाबाइतकी भेसळ करायचं त्याला सुचलं नव्हतं. किंवा मन धजावलं नव्हतं. मी पहिल्या शक्यतेला धरून राहायचं ठरवलं. सराफाने विचारलं, “मोडायचं का?” मी नाणं घेऊन बाहेर पडलो आणि शिवाजी चौकातल्या गर्दीत उभा राहून विक्रेत्याला फोन लावला.

“शेठ, त्या जंजिऱ्याच्या रुपयाची चांदी फार चांगली निघाली हो.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “सर, मेरे पास एक और है। एकदम खराब चांदी। पण त्याचे पैसे जास्त पडतील.”

“किती?”

त्याने आकडा सांगितला. मिक्सर नव्हे, फ्रिज होता.

“बाजूला ठेवा,” मी म्हटलं.